आधी नाव, मग वाटा

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं ज्यांनी हाताळली आहेत त्यांनी पाहिलं असेल, पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात ‘चाल’ म्हणून एक ओळ असते आणि तिच्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द असतात. कधी ती लावणी असते, कधी कीर्तनातलं पद, कधी कानडी गाणं, कधी बायकांच्या तोंडचं घरगुती गाणं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं तेव्हा चाली अशाच चहूकडून गोळा केल्या होत्या. पुढे १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगातल्या चाली दिल्या आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातल्या बंदिशींवरून पदं बांधली. मराठी माणूस ज्या नाट्यसंगीताला आपलं अस्सल धन मानतो, ते अशा उसनवारीतूनच उभं राहिलं.

‘चाल’ छापण्यामागे अर्थातच सोय होती. माहितीतल्या गाण्याचं नाव दिलं की पद कसं म्हणायचं ते वाचकाला लगेच उमगे. पण त्या सोयीतून एक चांगली सवय रुजली. चाल कुठून आली ते सांगायचं आणि सांगण्यात कमीपणा मानायचा नाही. त्या ओळीने मूळ चालकर्त्याला पैसा मिळवून दिला नाही, पुष्कळदा त्याचं नावही दिलं नाही, हे मान्य. तरी हे गाणं कुणाकडून तरी आलं आहे एवढं ती उघडपणे कबूल करत होती.

आज संगीतातल्या कॉपीराइटवर, सॅम्पलिंगवर, बेकायदा डाउनलोडवर जो वाद चालतो त्यात हे कबुलीचं भान हरवलेलं दिसतं. एका बाजूला कंपन्या म्हणतात, विचारल्याशिवाय घेतलेला प्रत्येक सूर ही चोरी आहे. दुसऱ्या बाजूला कित्येक तरुण निर्माते आणि श्रोते म्हणतात, संगीत सगळ्यांचं आहे, त्याला कुंपण कशाला? मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. दुसऱ्याचं घेतल्यावाचून संगीतात कुणाचंच पान हलत नाही. अन्याय सुरू होतो तो घेतल्यानंतर मूळ माणसाचं नाव पुसलं जातं तेव्हा, कारण नाव गेलं की त्याच्यामागोमाग पैशातला वाटाही जातो. आपल्या कायद्याचा आणि आपल्या संतापाचा रोख मात्र बराच काळ ऐकणाऱ्यावर आणि उसनं घेणाऱ्यावर राहिला. ज्यांनी नावं पुसली आणि वाटे गिळले ते त्या रोखातून सुटले.

हा फरक कायदा येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे कळत होता. संतांनी अभंगाच्या अखेरच्या चरणात नाव गुंफलं, शाहिरांनी लावणीच्या आणि पोवाड्याच्या शेवटी गुंफलं, भीमगीतं लिहिणाऱ्या कवींनी शेवटच्या कडव्यात गुंफलं. गाणं तोंडोतोंडी फिरत असताना नाव टिकवायची खात्रीची जागा एकच होती, ती गाण्याच्या आत. तुकोबांच्या काळात सालोमालो नावाचा एक कीर्तनकार त्यांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवत असे. त्याच्यावर तुकोबांनी रचलेले अभंग गाथेत आहेत आणि त्यातला राग आजही जाणवतो. याच तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी उतरवून घेतले, टाळकऱ्यांनी पाठ केले, गावोगावच्या वह्यांत त्यांच्या नकला झाल्या. नक्कल करणाऱ्यांबद्दल तुकोबा रागावले नाहीत. संताजी आणि सालोमालो, दोघांनीही अभंग घेतले होते. एकाने ते नावासकट जपले, दुसऱ्याने नाव खोडून आपलं घातलं. संगीताच्या हक्कांचा विचार मी या दोन माणसांपासून सुरू करतो, कारण आजच्या बहुतेक वादांत आपण संताजीला आणि सालोमालोला एकाच पिंजऱ्यात उभं करतो.

याच्या दुसऱ्या टोकाला घराण्यांची कुलुपं होती. खास चिजा दाबून ठेवायच्या, परक्या गवयासमोर गायच्या नाहीत, शिष्यालाही उशिरा द्यायच्या. आपल्या विद्येवरच पोट असलेल्या माणसाची ही खबरदारी समजण्यासारखी आहे. पण ज्या चिजा कुणालाच दिल्या नाहीत, त्या गाणाऱ्याबरोबर गेल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आयुष्य खर्ची घालून ठिकठिकाणच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’त स्वरलिपीसह छापल्या, म्हणून त्या आज शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला खुल्या आहेत. संगीत जपायचं तर ते पसरावं लागतं. हे एकदा मान्य केलं की प्रश्न उरतो, तो पसरताना कर्त्याचं काय होतं याचा.

ध्वनिमुद्रण आलं आणि हा प्रश्न तीव्र झाला. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तिच्या तबकड्या ऐकल्या तर गाणं संपता संपता ती मोठ्याने, इंग्रजीत, स्वतःचं नाव सांगताना ऐकू येते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल चिकटवायचं हे तिथल्या माणसांना कळावं म्हणून ही पद्धत. पुन्हा तेच झालं. नाव गाण्याच्याच आत बसवलं गेलं. पण आता आवाज गाणाऱ्यापासून सुटा झाला होता. तो गठ्ठ्याने विकता येत होता, आणि विकण्याचं यंत्र कंपनीच्या हातात होतं.

एका गाण्यात किती हक्क असतात ते ‘गीतरामायणा’वरून समजून घेऊ. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून त्याचं प्रसारण सुरू झालं. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. भारतीय कायद्याच्या लेखी शब्द ही एक कृती, संगीत ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. शब्द आणि संगीत यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, मुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. एकच गाणं, पण त्याच्या शब्दांची मुदत वेगळी आणि सुरांची वेगळी. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या लेखनावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, म्हणून १९९२ मध्ये ती सरसकट दहा वर्षांनी वाढवली गेली. कर्ता गेल्यावर साठ वर्षं हा काळ माझ्या मते भरपूर आहे. यापुढे तो वाढवण्याची मागणी आली तर तिला ठाम विरोध व्हायला हवा.

पण मुदतीपेक्षा मोठी गोष्ट ही की, या साठ वर्षांत हक्क असतो कुणाकडे? हिंदी चित्रपटसंगीताने याचं उत्तर फार कठोर दिलं. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी मागणी केली की रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकालाही तिच्या उत्पन्नातला वाटा मिळावा. मोहम्मद रफी यांचं मत वेगळं होतं. गाण्याचं मानधन घेतलं की आपला व्यवहार पुरा झाला, असं ते मानत. या मतभेदातून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. रफींच्या भूमिकेत एक निरिच्छपणा आहे आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. पण हिशेबाने पाहिलं तर लताबाईंचंच बरोबर होतं. मानधन ठरतं गाणं चालेल की नाही हे कुणालाच माहीत नसताना. गाणं चाललं तर पुढच्या पन्नास वर्षांची कमाई एकाच पक्षाकडे जाते. यंत्राने आवाज कायमचा केला, तेव्हा मोबदलाही एका दिवसाचा राहू शकत नव्हता.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असाच प्रश्न आला. एका बाजूला गीतकार-संगीतकारांची संस्था ‘आयपीआरएस’ आणि दुसऱ्या बाजूला चित्रपट निर्मात्यांची संघटना. न्यायालयाने ठरवलं की निर्मात्याने पैसे देऊन संगीत करून घेतलं असेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर पहिला मालक निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात गायकाला या कायद्यात हक्कच नाही याकडे संसदेचं लक्ष वेधलं. संसदेने १९९४ मध्ये कलावंतांचे हक्क कायद्यात आणले खरे, पण चित्रपटात गाण्याची संमती दिली की ते संपत. खरी दुरुस्ती झाली २०१२ मध्ये. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर नेटाने बाजू लढवली. आता चित्रपटगीताचा गीतकार किंवा संगीतकार रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून द्यायला राजी झाला, तरी तो करार चालत नाही. तो वाटा फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे जाऊ शकतो. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. १९७७ ते २०१२ म्हणजे पस्तीस वर्षं. तेवढ्या काळात त्या सुवर्णयुगातले किती संगीतकार आणि गीतकार हा हक्क न पाहताच गेले.

या दुरुस्तीतली एक तरतूद मात्र मला बोचते. कायदा म्हणतो की चित्रपटात ज्याचं वादन-गायन प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत वगैरे कुठेच दिलं जात नाही, त्याला कलावंत मानायचं नाही. त्याला उरतो तो फक्त आपल्या कलेचा विपर्यास होऊ न देण्याचा हक्क. हे वाचताना मला हिंदी चित्रपटसंगीतातले गोव्याचे वादक आठवतात. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट अशी किती नावं. संगीतकार हार्मोनियमवर चाल द्यायचा. तिच्याभोवती व्हायोलिनांचा ताफा काय वाजवेल, अंतऱ्याच्या आधीचा म्युझिक पीस कसा येईल, कोरस कुठे मिसळेल, हे कागदावर उतरवण्याचं पुष्कळसं काम या अरेंजर मंडळींचं होतं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा भरदार वाद्यमेळ आपण गुणगुणतो तेव्हा सेबॅस्टियनचं काम गुणगुणत असतो. श्रेयनामावलीत यांची नावं आली तर आली, कित्येकांची आलीच नाहीत. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात अँथनी गोन्साल्विसचं नाव आलं, ते प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला केलेलं वंदन म्हणून. शिष्याची कृतज्ञता मोठी आहे. पण हक्क कृतज्ञतेवर सोडायचा नसतो. नाव लिहायचं नाही हा उद्योगाचाच रिवाज, आणि नाव नाही म्हणून हक्क नाही हे कायद्याचं म्हणणं. या दोन्हींमध्ये वादक चिरडला जातो.

आता सॅम्पलिंगकडे येऊ. आधीच्या रेकॉर्डमधला एक तुकडा, मग तो ठेका असेल, गिटारचा झणत्कार असेल किंवा आवाजाची एक तान, तसाच्या तसा कापायचा, पुन्हापुन्हा फिरवायचा, त्याचा वेग वाढवायचा, सूर बदलायचा आणि त्यावर नवं गाणं उभं करायचं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गरीब काळ्या आणि लॅटिनो पोरांनी दोन टर्नटेबलवर हे सुरू केलं. वाद्यं विकत घ्यायला पैसे नव्हते, घरात जुन्या रेकॉर्ड होत्या, त्यांचंच त्यांनी वाद्य केलं. हा आळस होता असं ज्यांना वाटतं त्यांनी एक तुकडा चपखल बसवून पाहावा. किर्लोस्करांनी लावणीची चाल शकुंतलेच्या तोंडी घातली, तेवढंच कसब याला लागतं.

या कलेतला सर्वांत गाजलेला तुकडा १९६९ चा आहे. ‘द विन्स्टन्स’ नावाच्या अमेरिकन बँडने एक रेकॉर्ड काढली. तिच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ ही वादनरचना होती. मध्येच बाकीची वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर चार आवर्तनं एकटा वाजवतो. सारा खेळ सहा-सात सेकंदांचा. पहिल्या दोन आवर्तनांत ठेका सरळ चालतो, तिसऱ्यात एक ठोका जागा सोडून पडतो, चौथ्यात क्षणभर पोकळी येते आणि झांज वेळेआधीच वाजते. हे सहा-सात सेकंद पुढे हजारो गाण्यांत शिरले. हिपहॉपने ते घेतले, आणि इंग्लंडमधल्या जंगल आणि ड्रम अँड बेस या अख्ख्या शैली त्यांच्यावर उभ्या राहिल्या. कोलमनला यातला एक पैसाही मिळाला नाही. २००६ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्याकडे घरही नव्हतं, असं त्याच्या बँडप्रमुखाने सांगितलं आहे. त्या बँडप्रमुखालाही, रिचर्ड स्पेन्सरला, आपल्या रेकॉर्डचं काय झालं हे कळलं तोवर दावा करण्याची मुदत टळली होती. २०१५ मध्ये चाहत्यांनी लोकवर्गणीतून सुमारे २४,००० पौंड जमवून त्याला दिले.

याच काळात अमेरिकन न्यायालयं काय करत होती? १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओसलिव्हन याच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला, तेव्हा न्यायाधीशाने निकालाची सुरुवातच बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेने केली. २००५ मध्ये दुसऱ्या एका न्यायालयाने सांगितलं की गिटारचा दोन सेकंदांचा तुकडा ओळखू येणार नाही इतका बदलला तरी परवाना हवाच. तो खटला लढवत होत्या हक्क विकत घेतलेल्या कंपन्या. ज्याने गिटार वाजवली तो वादी नव्हताच. परिणाम असा झाला की डझनावारी तुकड्यांतून घडवलेली, सत्तरच्या दशकातल्या काळ्या संगीताचा इतिहासच समोर मांडणारी रॅपची पद्धत परवडेनाशी झाली. ज्यांच्यामागे बडी कंपनी होती त्यांनी परवाने घेतले, ज्यांच्यामागे नव्हती त्यांनी तुकडे लपवायला सुरुवात केली. कडक कायद्याने उसनवारी थांबली नाही, पण कबुली मात्र थांबली. मूळ वादकाचं नाव लिहिणं हाच पुरावा ठरू लागला, मग लिहिणार कोण?

आपल्या जवळचं एक उदाहरण पाहा. १९८१ च्या ‘ज्योती’ या चित्रपटात बप्पी लाहिरींच्या संगीतात लताबाईंनी गायलेलं एक गाणं आहे. २००२ मध्ये लॉस एंजलिसच्या एका निर्मात्याने त्यांचा आवाज उचलून ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरला. गाणं अमेरिकेत तुफान चाललं. रेकॉर्ड कंपनीने आणि बप्पी लाहिरींनी दावे लावले, आणि २००३ च्या सुरुवातीला तिथल्या न्यायाधीशाने आदेश दिला की बप्पींचं नाव श्रेयात आल्याशिवाय तो अल्बम विकायचा नाही. मला हा आदेश फार महत्त्वाचा वाटतो. त्यात पैशाच्या हिशेबाआधी नाव आलं. तरीही ज्या आवाजासाठी लोक ते गाणं पुन्हापुन्हा लावत होते, त्या आवाजाची मालकीण या खटल्यात पक्षकार नव्हती. दोन-तीन वर्षांत चित्र थोडं बदललेलं दिसतं. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाने कल्याणजी-आनंदजींची दोन गाणी आणि त्यातला आशा भोसले यांचा आवाज वापरून ‘डोंट फंक विथ माय हार्ट’ केलं, तेव्हा गीतकार-संगीतकारांच्या यादीत कल्याणजी-आनंदजींची नावं होती. सांगून घेतलं म्हणून त्या गाण्याचं काही बिघडलं नाही. उलट त्याला ग्रॅमी मिळालं.

बेकायदा डाउनलोडची गोष्ट याला जोडूनच पाहायला हवी. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद पडलं, पण फायली वाटणं थांबलं नाही. मग अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने थेट श्रोत्यांवर दावे लावायला सुरुवात केली. २००३ ते २००८ या काळात सुमारे ३५,००० जणांना याची झळ बसली. मिनेसोटातल्या एका बाईवर २४ गाणी इंटरनेटवर इतरांसाठी खुली ठेवल्याचा दावा होता. २००९ मध्ये ज्युरीने तिला १९ लाख २० हजार डॉलर भरायला सांगितले, म्हणजे गाण्यामागे ८०,००० डॉलर. बऱ्याच फेऱ्यांनंतर ती रक्कम २,२२,००० वर आली. ज्या देशात ऐकणाऱ्या बाईच्या एका गाण्याची किंमत ८०,००० डॉलर ठरली, त्याच देशात हजारो गाण्यांना ठेका देणारा ड्रमर बेघर अवस्थेत वारला. कॉपीराइटचा सगळा उद्देश कर्त्याला जगवणं हा असेल, तर या दोन घटना शेजारी ठेवल्यावर त्या यंत्रणेचं समर्थन करणं मला जमत नाही.

आपल्याकडे हे वेगळ्या तऱ्हेने घडलं. २०१० च्या आगेमागे कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर मोबाइलची टपरी असे. काचेवर ‘गाणी भरून मिळतील’ असा कागद चिकटवलेला. आत संगणक, त्यात फोल्डर: भक्तिगीतं, भीमगीतं, कोळीगीतं, लावणी, लग्नाची गाणी. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळे. कायद्याने हा गुन्हा, कमीतकमी सहा महिन्यांच्या कैदेचा. पण ऊसतोडीला निघालेल्या मजुराला त्या वेळी ती गाणी कायदेशीरपणे विकत देणारं दुकान त्या गावात होतं का? त्याच्या आधीच्या कॅसेटच्या जमान्यातही असंच झालं होतं. स्वस्त कॅसेटींनी एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली, म्हणूनच प्रल्हाद शिंद्यांसारख्यांचा आवाज खेडोपाडी पोचला. शास्त्रीय संगीताचं ऋण तर आणखी मोठं. ७८ आरपीएमच्या तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. मोठ्या गवयांचं तास-दीड तासाचं गाणं आज ऐकायला मिळतं, ते पुष्कळदा रसिकांनी मैफलीत बसून केलेल्या आणि एकमेकांना दिलेल्या खासगी टेपांमुळे. ही मंडळी संताजीच्या जातकुळीतली. टेपेवर गवयाचं नाव, राग, गाव, तारीख असं सारं नीट लिहिलेलं असे.

म्हणून डाउनलोडला मी निर्दोष ठरवतो असं नाही. ज्या कॅसेटवर कवीला आणि गायकाला थोडाफार पैसा मिळायचा, तीही खोट्या छपाईने बुडाली. छोट्या मराठी कंपन्या त्यात मोडल्या. स्टुडिओत रोजावर वाजवणाऱ्या वादकांचं काम आटलं. शिवाय मेमरी कार्डावर गाणं जायचं ते बहुधा कवी-संगीतकाराच्या नावाविना, कुणा वेबसाइटचं नाव चिकटवून. तिथे सालोमालो शिरला होता. ऐकायला परवडत असताना फुकट घेणं हे चूकच. पण चूक आणि तिच्यावरचा इलाज यांचं प्रमाण जुळायला हवं. लोक फुकटे झाले म्हणून डाउनलोड करत होते, की वाजवी किमतीत मिळत नव्हतं म्हणून? स्वस्त इंटरनेट आणि स्ट्रीमिंग आल्यावर त्या टपऱ्या छापे न घालता ओस पडल्या. माझ्या मते उत्तर त्यातच आहे.

स्ट्रीमिंगने चोरी कमी केली. वाटा मात्र नीट केला नाही. बहुतेक सेवांमध्ये सगळ्या वर्गणीदारांचे पैसे एका हौदात जमतात आणि एकूण किती वेळा कुठलं गाणं वाजलं त्या प्रमाणात वाटले जातात. समजा एखादा माणूस महिनाभर फक्त एका लोकशाहिराची गाणी ऐकतो. त्याच्या वर्गणीचा बराचसा भाग तरी त्याने कधी न ऐकलेल्या, देशभर गाजणाऱ्या गाण्यांकडे जातो. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की वर्षात हजारपेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याच्या मुद्रणाला पैसेच मिळणार नाहीत. छोट्या भाषांतली, छोट्या जमातींची, छोट्या गावांची गाणी यात गळून पडतात. याला पर्याय आहे. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये ज्याची वर्गणी त्याने ऐकलेल्यालाच, अशी पद्धत छोट्या कलावंतांसाठी सुरू केली. इच्छा असेल तर हे करता येतं. आणि या ॲपवर मराठी गाणं उघडून पाहा. गायकाचं नाव ठळक, कंपनीचं नाव हमखास. कवी कोण, चाल कुणाची, बासरी कुणी वाजवली, हे शोधावं लागतं आणि शोधूनही अनेकदा सापडत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत. पहिली, नावं सक्तीची करा. कवी, संगीतकार, अरेंजर, वादक, सगळ्यांची, आणि ती भरल्याशिवाय व्यावसायिक सेवेवर गाणं चढू नये. श्रेयनामावलीत नाव नाही म्हणून हक्क नाही, ही तरतूद काढून टाका. दुसरी, सॅम्पलसाठी ठरावीक दराचा परवाना आणा. गाण्याची नवी आवृत्ती काढण्यासाठी आपल्या कायद्यात अशी सोय आहेच. मूळ मुद्रणाला पाच वर्षं झाली की सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून कुणीही ते गाणं पुन्हा गाऊन मुद्रित करू शकतो. त्याच धर्तीवर छोटा तुकडा घेण्याचा रस्ता खुला झाला, तर बेडरूममध्ये बसून बीट बनवणारा पोरगा लपवाछपवी सोडेल आणि तुकडा कुणाचा ते लिहील. त्या परवान्याची ठरलेली रक्कम गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या हातात थेट पडावी, कंपनीमार्गे नव्हे. तिसरी, नफ्यासाठी नव्हे तर ऐकण्यासाठी नक्कल करणाऱ्या सामान्य माणसाला तुरुंगाची भीती घालणं बंद करा. धंदा म्हणून नकला विकणाऱ्यांना जरूर धरा.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. दर ठरवून दिला तर कलावंताचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क जातो. एखाद्याने अभंगाची ओळ अश्लील गाण्यात वापरली तर? शाहिराचा आवाज त्याच्या विचारांविरुद्धच्या प्रचारात वापरला तर? हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच परवान्याला मर्यादा हवी. कर्त्याचा नैतिक हक्क आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे, २०१२ नंतर तो कलावंतालाही आहे. नाव लावून घेण्याचा आणि आपल्या कामाचा मानहानिकारक विपर्यास थांबवण्याचा हा हक्क पैशाने विकला जात नाही. तो बळकट करावा, जाहिरात आणि राजकीय प्रचार परवान्याबाहेर ठेवावेत. एवढं केलं तर ‘नाही’ म्हणण्याची ताकद कंपनीच्या वकिलाकडून काढून माणसाच्या हातात येईल.

हे सगळं आता लांबणीवर टाकता येणार नाही. सॅम्पलमध्ये निदान तुकडा ऐकू येत होता, ओळखता येत होता, त्यावर दावा करता येत होता. आता संगणकाला हजारो तासांचं मुद्रण शिकवून त्यातून हवं त्याच्या आवाजात नवं गाणं काढता येतं. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करून देणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं. प्रसिद्ध गायकाला वकील परवडतो, म्हणून तो न्यायालयापर्यंत पोचतो. भीमगीतं गाणारा शाहीर, जात्यावरच्या ओव्या सांगणारी आजी, स्टुडिओतला संबळवाला यांचे आवाज त्या यंत्रात कधी गेले हे त्यांना कळणारही नाही, आणि तिथे नाव विचारायला कुणी नसेल. गायकाला हक्क नाही हे सांगितलं गेल्यापासून तो देईपर्यंत आपण पस्तीस वर्षं घेतली. या वेळी एवढा वेळ नाही. आज ज्यांची नावं आपण गाण्याबरोबर लिहून ठेवू, त्यांनाच उद्या आपल्या वाट्यासाठी उभं राहता येईल.